‘याचा फारसा संबंध नाही’ हे इंग्रजीत अचूक कसं लिहायचं

एखादी गोष्ट विषयाशी जोडलेली असते, पण थोडीच. एखादा नियम लागू असतो, पण काही जणांपुरताच. एखादा मुद्दा खरा असतो, पण त्याने इथे काही फरक पडत नाही. इंग्रजीत ईमेल, अहवाल, शोधनिबंध किंवा अर्ज लिहिताना अशी वाक्यं पावलोपावली लागतात आणि नेमकी तिथेच गडबड होते. मराठीत ‘संबंध’ हा शब्द आणि ‘-पुरता’ हा प्रत्यय एवढ्यावर आपलं बरंचसं भागतं. इंग्रजीत याच कामासाठी अनेक वेगवेगळे शब्दप्रयोग आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निवड चुकली की अर्थ उलटतो, व्याकरण मोडतं किंवा वाचणाऱ्याला आपण उद्धट वाटतो.

यात अर्थ उलटणं सगळ्यात घातक. असं वाक्य वाचायला बिनचूक दिसतं, म्हणून ते कुणी दुरुस्तही करत नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्यांपैकी दुसरी आणि पाचवी सावकाश वाचा.

हाताशी काय हवं

- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश ऑनलाइन फुकट पाहता येतात. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळतो, पण शब्दापुढे ‘टू’ येतं की ‘ऑन’, हे बहुतेक वेळा कळत नाही.
- कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ १०० कोटींच्या वर जातो. शंका आली की दोन्ही पर्याय शोधून पाहायचे आणि कोणता किती वेळा सापडतो ते बघायचं.
- तुमचं मूळ वाक्य, मराठीत, कागदावर. हे टाळू नका. पहिल्या पायरीचं सगळं काम त्या वाक्यावर होतं.

१. नेमकं मर्यादित काय आहे ते ठरवा

हे वाक्य घ्या: ‘गेल्या वर्षीच्या अहवालाचा या प्रकरणाशी फारसा संबंध नाही.’ मराठीत ते पुरेसं आहे, कारण पुढचं-मागचं बोलणं बाकीचं सांगतं. इंग्रजीत लिहायला बसलात की यातून निदान तीन वेगळी वाक्यं निघतात.

अहवालाचा विषयच वेगळा आहे, कुठेतरी एखादा धागा जुळतो, असं म्हणायचं असेल तर: ‘लास्ट इयर्स रिपोर्ट इज ओन्ली लूजली रिलेटेड टू धिस केस.’ इथे ‘टॅन्जेन्शियली रिलेटेड’ही चालतं. टॅन्जेंट म्हणजे भूमितीतली स्पर्शिका, वर्तुळाला एकाच बिंदूत टेकून पुढे निघून जाणारी. अर्थही अगदी तोच.

विषय तोच आहे, पण त्यामुळे आपला निर्णय बदलणार नाही, असं म्हणायचं असेल तर: ‘लास्ट इयर्स रिपोर्ट हॅज लिटल बेअरिंग ऑन धिस केस.’

अहवाल उपयोगाचा आहे, पण त्यातला एकच भाग, असं म्हणायचं असेल तर: ‘ओन्ली द सेक्शन ऑन सेफ्टी इज रेलेव्हंट टू धिस केस.’

तिन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत, पण वाचणारा तिन्हींवरून वेगवेगळं वागेल. पहिलं वाचून तो अहवाल बाजूला ठेवेल. दुसरं वाचून चाळेल, पण त्यावर चर्चा लावणार नाही. तिसरं वाचून सुरक्षेचं प्रकरण उघडेल.

आणखी दोन प्रकार आहेत: मुद्दा इथे गैरलागू आहे, आणि आपलीच माहिती अपुरी आहे. त्यांच्यासाठी सहावी आणि पाचवी पायरी पाहा. मराठी वाक्याखाली पाचांपैकी एक शब्द लिहून ठेवा: दुवा, परिणाम, व्याप्ती, गैरलागू, माहिती. हे ठरेपर्यंत इंग्रजी शब्द शोधायला जाऊ नका.

२. किती संबंध आहे ते ठरवा

इथे एका अक्षराने अर्थ फिरतो. ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘अ लिटल’ म्हणजे थोडं का होईना, पण आहे. ‘धिस हॅज लिटल टू डू विथ कॉस्ट’ म्हणजे खर्चाशी याचं फारसं देणंघेणं नाही. ‘धिस हॅज अ लिटल टू डू विथ कॉस्ट’ म्हणजे खर्चाशी थोडा संबंध आहे, तो लक्षात घ्या. मराठी भाषेला ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत, म्हणून लिहिताना हा ‘अ’ सहज गळतो किंवा सहज घुसतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचंही असंच: ‘फ्यू ऑफ दीज पॉइंट्स अप्लाय’ म्हणजे क्वचितच एखादा मुद्दा लागू आहे, आणि ‘अ फ्यू’ म्हणजे काही मुद्दे लागू आहेत. थोडा संबंध आहे असं सांगायचं असेल तर ‘अ लिटल’च्या वाटेला न जाता ‘सम’ वापरा: ‘हॅज सम बेअरिंग ऑन’, ‘इज ऑफ सम रेलेव्हन्स टू’. गोंधळाला जागा राहत नाही.

दुसरा सापळा ‘व्हेरी लेस’चा. ‘खूप कमी’ मनात ठेवून ‘व्हेरी लेस रेलेव्हंट’ लिहिलं जातं. ‘लेस’ हा तुलनेचा शब्द आहे, कशाहून कमी ते त्याला सांगावं लागतं. तुलना असेल तर ‘लेस रेलेव्हंट दॅन द सेकंड पॉइंट’ बरोबर. तुलना नसेल तर ‘नॉट व्हेरी रेलेव्हंट’ किंवा ‘ऑफ व्हेरी लिटल रेलेव्हन्स’. ‘मच लेस’ चालतं, पण तेही तुलनेतच.

जास्तीकडून कमीकडे जाणारी एक उतरंड जवळ ठेवा:

- ‘डायरेक्टली रेलेव्हंट’: थेट संबंध
- ‘पार्टली रेलेव्हंट’: काही भागापुरता
- ‘नॉट डायरेक्टली रेलेव्हंट’: संबंध आहे, पण आडून
- ‘ओन्ली मार्जिनली रेलेव्हंट’: कडेकडेचा, नाममात्र
- ‘लार्जली इररेलेव्हंट’: बहुतांशी नाही
- ‘एंटायरली इररेलेव्हंट’: मुळीच नाही

‘नॉट एंटायरली इररेलेव्हंट’ हा प्रकार वाचताना जपा. दोन नकार एकमेकांना खोडतात आणि अर्थ उरतो ‘अगदीच गैरलागू नाही’, म्हणजे थोडा संबंध आहे. मराठीतही आपण असं बोलतो, त्यामुळे समजायला सोपं. लिहिताना मात्र जपून वापरा. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून पहिला ‘नॉट’ निसटतो.

‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ हे शब्द स्वतःच नकारार्थी आहेत. ‘इट हार्डली मॅटर्स’ एवढं पुरे. ‘इट डझन्ट हार्डली मॅटर’ किंवा ‘हार्डली हॅज नो रिलेशन’ असं लिहिलंत की एक नकार जास्त होतो.

‘ऑल’ आणि ‘नॉट’ची जागाही इथेच पाहून घ्या. ‘सगळे नियम लागू नाहीत’ हे शब्दाला शब्द ठेवून लिहिलं तर ‘ऑल द रूल्स डू नॉट अप्लाय’ होतं. वाचणाऱ्याला त्यातून ‘एकही नियम लागू नाही’ असंही कळू शकतं. ‘नॉट ऑल द रूल्स अप्लाय’ लिहा. ‘नॉट’ पुढे आला की दुसरा अर्थ निघत नाही.

३. पुढचं प्रेपोझिशन पक्कं करा

आपल्या चुकांचं मूळ इथे ‘-शी’ या प्रत्ययात आहे. ‘कशाशी संबंधित’ म्हटलं की हात आपोआप ‘विथ’कडे जातो आणि ‘रिलेटेड विथ’ उमटतं. ‘साठी’ आलं की ‘फॉर’ येतं आणि ‘ॲप्लिकेबल फॉर ऑल’ होतं. प्रत्येक शब्द त्याच्या प्रेपोझिशनसकट पाठ केला तरच हे थांबतं:

- ‘रेलेव्हंट टू’, ‘इररेलेव्हंट टू’, ‘पर्टिनंट टू’
- ‘रिलेटेड टू’, ‘टॅन्जेन्शियल टू’, ‘पेरिफेरल टू’
- ‘अप्लाय टू’, ‘ॲप्लिकेबल टू’, ‘लिमिटेड टू’, ‘कन्फाइंड टू’, ‘स्पेसिफिक टू’
- ‘बेअरिंग ऑन’
- ‘नथिंग टू डू विथ’, ‘लिटल टू डू विथ’
- ‘कनेक्टेड विथ’ किंवा ‘कनेक्टेड टू’, दोन्ही चालतात

बहुतेक ठिकाणी ‘टू’ आहे, हे ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं. ‘अप्लाय फॉर’ म्हणजे अर्ज करणं, नियम लागू होण्याशी त्याचा संबंध नाही.

नामाचा साचाही पाहून ठेवा. ‘इज ऑफ लिटल रेलेव्हन्स टू’ आणि ‘हॅज लिटल रेलेव्हन्स टू’ ही दोन्ही रूपं बरोबर. दोन्हींची भेळ करून ‘इज लिटल रेलेव्हन्स’ लिहिलं की वाक्य मोडतं: ‘इज’ असेल तर ‘ऑफ’ हवं, ‘हॅज’ असेल तर नको. ‘रेलेव्हन्स’ मोजता येत नाही, म्हणून ‘ऑफ अ लिमिटेड रेलेव्हन्स’ न लिहिता ‘ऑफ लिमिटेड रेलेव्हन्स’ लिहा.

स्पेलिंगमध्ये ‘एल’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल होऊन ‘रेव्हेलंट’ तयार होतं. ‘इररेलेव्हंट’ लिहिताना ‘इररेव्हरंट’ झालं तर स्पेलचेकर गप्प बसेल, कारण तोही खरा शब्द आहे. त्याचा अर्थ मात्र आदर न राखणारा.

४. व्याप्ती आखताना ‘ओन्ली’ जागेवर ठेवा

‘-पुरता’ आणि ‘फक्त’ यांचं काम इंग्रजीत बहुतेकदा ‘ओन्ली’ करतं. ते वाक्यात जिथे बसेल तिथला अर्थ आवळतं:

- ‘ओन्ली मेंबर्स मे यूज द हॉल ऑन संडेज.’ रविवारी सभासदांनाच प्रवेश, बाकीच्यांना नाही.
- ‘मेंबर्स मे यूज ओन्ली द हॉल ऑन संडेज.’ रविवारी सभासदांना हॉलच मिळेल, बाकीच्या खोल्या नाहीत.
- ‘मेंबर्स मे यूज द हॉल ओन्ली ऑन संडेज.’ सभासदांना हॉल मिळेल तो रविवारीच, इतर वारी नाही.

बोलताना सगळेच ‘ओन्ली’ क्रियापदाआधी टाकतात आणि आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो. कागदावर आवाज नसतो. नियम, करार, सूचना लिहिताना ज्याला मर्यादा घालायची त्या शब्दाला चिकटून ‘ओन्ली’ ठेवा. मराठीतल्या ‘-च’साठी मात्र ते वापरू नका. ‘मी कालच पाठवलं’ याचं ‘आय सेंट इट यस्टरडे ओन्ली’ केलंत तर बाहेरचा वाचक गोंधळतो.

अट घालून मर्यादा सांगायची असेल तर औपचारिक लिखाणात ‘इनसोफार ॲज’ किंवा ‘टू द एक्स्टेंट दॅट’ येतं आणि त्यांच्यापुढे पूर्ण वाक्य लागतं: ‘द डिले मॅटर्स ओन्ली इनसोफार ॲज इट अफेक्ट्स द बजेट.’ उशीर महत्त्वाचा, पण तो बजेटला जेवढा धक्का लावेल तेवढाच. अमेरिकेत ‘इनसोफार’ जोडून लिहितात, ब्रिटिश लिखाणात ‘इन सो फार ॲज’ असं तोडूनही दिसतं. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

‘काही अंशी’साठी ‘टू सम एक्स्टेंट’. ‘अप टू सम एक्स्टेंट’ लिहू नका. ‘अप टू’ हवंच असेल तर ‘अप टू अ पॉइंट’ आहे, पण त्यात ‘त्यापुढे मला पटत नाही’ अशी छटा येते.

‘मेनली’ आणि ‘प्रायमरिली’ मर्यादा घालत नाहीत, फक्त भर कुठे आहे ते सांगतात. ‘द स्कीम इज मेनली फॉर स्टुडंट्स’ वाचून विद्यार्थी नसलेला माणूसही अर्ज करेल आणि त्याचं चुकणार नाही. दार बंद करायचं असेल तर ‘ओन्ली’ किंवा ‘एक्स्क्लुझिव्हली’.

५. ‘ॲज फार ॲज’चे प्रकार वेगळे करा

सुरुवात एकसारखी असल्यामुळे हे एकमेकांत मिसळतात.

‘ॲज फार ॲज आय नो’ म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. मर्यादा माहितीची आहे. उद्या वेगळं निघालं तरी तुम्ही खोटं बोललात असं होत नाही.

‘ॲज फार ॲज आय कॅन टेल’ म्हणजे जे दिसतंय, तपासलंय त्यावरून काढलेला अंदाज. बिघाड शोधून कळवताना हे नेमकं बसतं.

‘ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड’ म्हणजे माझ्यापुरतं म्हणाल तर. यात माहितीचा प्रश्नच नाही, मत आहे, आणि बऱ्याचदा थोडं ठाम मत. ‘ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड, द मीटिंग इज ॲट टेन’ असं लिहिलंत तर इतर काहीही म्हणोत, मी दहालाच धरतो, असा सूर लागतो. वेळेची खात्री नसेल तर इथे ‘आय नो’ हवं.

‘ॲज फार ॲज द बजेट इज कन्सर्न्ड’ म्हणजे बजेटपुरतं बोलायचं तर. यातलं शेवटचं ‘इज कन्सर्न्ड’ फार वेळा गळतं आणि ‘ॲज फार ॲज द बजेट, वी आर फाइन’ उरतं. बोलण्यात हे ऐकू येतं, पण लिखाणात ते अर्धवट मानलं जातं. शेपूट लांब वाटत असेल तर ‘ॲज फॉर द बजेट’ किंवा ‘ऑन द बजेट’ लिहा. ‘विथ रिगार्ड टू’ही चालेल, मात्र त्यात ‘रिगार्ड’ एकवचनी. ‘रिगार्ड्स’ पत्राच्या शेवटी शोभतं.

‘ॲज लाँग ॲज’ अट सांगतं (जोवर, तरच) आणि ‘सो फार’ म्हणजे आतापर्यंत. दोन्ही या कुटुंबातले नाहीत, दिसायला तेवढे सारखे.

६. सूर तपासा

‘दॅट्स इररेलेव्हंट’ हे चर्चेत तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. ‘दॅट्स बिसाइड द पॉइंट’ आणि ‘दॅट्स नायदर हिअर नॉर देअर’ हेही समोरच्याचा मुद्दा उडवून लावतात. बरोबरीच्या माणसांत ठीक, वरिष्ठांना किंवा ग्राहकाला नको. तिथे मुद्दा मान्य करून बाजूला ठेवा: ‘दॅट्स अ फेअर पॉइंट, बट इट्स अ सेपरेट इश्यू.’ अहवालात ‘दॅट इज बियॉन्ड द स्कोप ऑफ धिस रिपोर्ट’ हे सगळ्यात सभ्य. विषय महत्त्वाचा असेलही, इथे तो घेतलेला नाही, एवढंच ते सांगतं.

‘बिसाइड’ला शेवटी ‘एस’ नाही. ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय, आणि ‘बिसाइड्स द पॉइंट’ चूक.

आपलीच सूचना कितपत कामाची आहे याची खात्री नसेल तर ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ नम्रपणे बसतं. त्यातल्या ‘इट्स’ला ॲपॉस्ट्रॉफी लागतो. औपचारिक अहवालात ते टाळा.

दोन शब्द फसवे आहेत. ‘मूट पॉइंट’चा ब्रिटिश वापरात अर्थ वादाचा, न सुटलेला मुद्दा; अमेरिकन वापरात बहुधा, आता ज्याने काही फरक पडणार नाही असा मुद्दा. वाचणारे दोन्हीकडचे असतील तर हा शब्द वापरूच नका. ‘द क्वेश्चन इज प्युअरली अकॅडेमिक’मध्ये शिक्षणाचा काही संबंध नाही. प्रश्न चर्चेपुरता आहे, व्यवहारात त्याचा उपयोग नाही, असा त्याचा अर्थ.

७. ‘कन्सर्न्ड’ कुठे बसवता ते पाहा

‘संबंधित व्यक्ती’ म्हणजे ‘द पर्सन कन्सर्न्ड’, विशेषण नामानंतर. ‘द कन्सर्न्ड पर्सन’ लिहिलंत तर आपल्याकडच्या कार्यालयांत ते सहज समजतं, पण बाहेरच्या वाचकाला ‘काळजीत पडलेली व्यक्ती’ दिसते. ‘यू आर नॉट कन्सर्न्ड’मधून ‘तुम्हाला काळजी नाही’ असं कळतं. ‘याचा तुमच्याशी संबंध नाही’ हे ‘धिस डझन्ट अफेक्ट यू’ असं लिहिलं की कुणी दुखावत नाही.

८. फॉर्ममधल्या रकाम्या जागा

‘नॉट ॲप्लिकेबल’ म्हणजे प्रश्नच मला लागू नाही. ‘नन’ म्हणजे प्रश्न लागू आहे, उत्तर ‘एकही नाही’. ‘निल’ म्हणजे रक्कम किंवा संख्या शून्य. अविवाहित व्यक्तीने जोडीदाराच्या नावापुढे ‘नॉट ॲप्लिकेबल’ लिहावं. आधीचे आजार विचारले आणि कोणताही नसेल तर ‘नन’. थकबाकी नसेल तर ‘निल’. आजाराच्या रकान्यात ‘नॉट ॲप्लिकेबल’ लिहिलंत तर उत्तर टाळल्यासारखं दिसतं आणि फॉर्म परत येऊ शकतो.

९. लिहिलेलं एकदा उलगडून पाहा

हा मजकूर पाहा. असे ईमेल रोज जातात:

‘ऑल द पॉइंट्स ऑफ लास्ट इयर्स रिपोर्ट आर नॉट रेलेव्हंट फॉर अवर प्रोजेक्ट. इट इज व्हेरी लेस रिलेटेड विथ कॉस्ट. ॲज फार ॲज सेफ्टी, इट इज यूजफुल अप टू सम एक्स्टेंट. प्लीज फॉरवर्ड टू द कन्सर्न्ड पर्सन.’

आता हा दुरुस्त केलेला:

‘नॉट ऑल द पॉइंट्स इन लास्ट इयर्स रिपोर्ट आर रेलेव्हंट टू अवर प्रोजेक्ट. इट हॅज लिटल टू डू विथ कॉस्ट. ॲज फार ॲज सेफ्टी इज कन्सर्न्ड, इट इज यूजफुल टू सम एक्स्टेंट. प्लीज फॉरवर्ड इट टू द पर्सन कन्सर्न्ड.’

पहिल्या वाक्यात ‘नॉट’ पुढे आला आणि ‘फॉर’चं ‘टू’ झालं. मुद्दे अहवालाच्या आत असतात म्हणून ‘ऑफ’ऐवजी ‘इन’. दुसऱ्यात ‘व्हेरी लेस’ आणि ‘रिलेटेड विथ’ दोन्ही गेले. ‘लिटल’च्या आधी ‘अ’ नाही हे मुद्दाम पाहा, तो आला असता तर खर्चाची माहिती अहवालात आहे असं वाचलं गेलं असतं. तिसऱ्यात ‘इज कन्सर्न्ड’ परत आलं, ‘अप’ गेला. चौथ्यात ‘कन्सर्न्ड’ मागे सरकलं आणि ‘फॉरवर्ड’ला कर्म मिळालं: मराठीत ‘पाठवा’ म्हटलं की काय ते कळतं, इंग्रजीत तो ‘इट’ लिहावाच लागतो.

तुमच्या मजकुराची तपासणीही याच क्रमाने करा: आधी नकाराची जागा, मग ‘अ’ आहे की नाही, मग प्रेपोझिशन, मग ‘ओन्ली’ आणि ‘कन्सर्न्ड’. एखाद्या जोडीबद्दल शंका राहिली, समजा ‘पर्टिनंट टू’ की ‘पर्टिनंट विथ’, तर दोन्ही कॉर्पसमध्ये टाका. एकाच्या खाली शेकड्याने वाक्यं आणि दुसऱ्याच्या खाली एखाद-दुसरं दिसलं की त्या एखाद-दुसऱ्यावर टिचकी मारून तेही वाचा. बऱ्याचदा तिथे ‘विथ’ पुढच्या भलत्याच शब्दाचं असतं.